आधी खोड सांगा

आमच्या मामेसासऱ्यांनी आजवर जेवढी लग्नं मोडली, तेवढी इंदापूर तालुक्यात दारूनं आणि मानपानानं मिळूनसुद्धा मोडली नसतील. आणि तरीही शेळगावापासून बारामतीपर्यंत त्यांची ख्याती आहे ती लग्नं जमवणारा माणूस म्हणूनच. हे कसं काय, असं मला पुष्कळजण विचारतात. मी म्हणतो, एकदा त्यांच्यासोबत बैठकीला जाऊन या, म्हणजे कळेल. जे जाऊन येतात ते परत विचारत नाहीत.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुक्काम शेळगाव, धंदा डाळिंबाचा, आणि खरा उद्योग लोकांच्या घरी जाऊन आपल्याच माणसांची बदनामी करणं. जगातला कुठलाही मध्यस्थ स्थळ सांगताना मुलाचे गुण सांगतो. मुलगा निर्व्यसनी आहे, बागायत आहे, स्वभावाला गाय आहे. आमचे मामा बैठकीत बसले की घसा खाकरून पहिलं वाक्य टाकतात, "आधी खोड सांगतो." आणि सांगतात! त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या बैठकीत मुलीकडच्या चाळीसेक माणसांपुढं ते म्हणाले, "पोरगा घोरतो. आसं तसं न्हाय, दाराम्होरचं कुत्रं उठून दुसऱ्याच्या दारात जातं." पुतण्या तिथंच बसला होता. त्याच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. ते स्थळ अर्थातच मोडलं. पुढच्या स्थळाची मुलगी म्हणाली, माझे वडीलही घोरतात, मला त्याशिवाय झोप येत नाही. तो संसार आता इतका सुखाचा चाललाय की बघणाऱ्याला राग यावा.

बरं, स्वतःच्या बाजूची खोड सांगून हा गृहस्थ थांबेल तर शपथ. ती सांगून झाली की समोरच्याकडं बघून म्हणायचं, "आता तुमची." म्हणजे तुम्हीही तुमच्या लेकराची एक तरी खोड सगळ्यांदेखत सांगितली पाहिजे. "आमच्या मुलात तसं काही नाही हो," असं कुणी म्हणालं की मामा उठलेच म्हणून समजा. शिवाय बसायची तऱ्हाही न्यारी. मामांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मेंढरं गेली, डाळिंब आलं, पण एक काळं घोंगडं मामांनी सांभाळून ठेवलंय. बैठकीला जाताना ते खांद्यावर असतंच. यजमानांनी कितीही गुबगुबीत सोफा पुढं केला तरी हे आपलं घोंगडं जमिनीवर अंथरून त्यावर बसणार आणि चहाला हात लावणार नाहीत. "जमलं न्हाय तवर दुसऱ्याचं आसन न्हाय आन् च्या बी न्हाय." जमलं, की घोंगड्याची घडी घालून खुर्चीवर बसणार आणि आपण होऊन चहा मागणार. त्यामुळं आमच्याकडं लग्न ठरल्याची खूण नारळ किंवा सुपारी नसते. मामांनी चहा मागितला, की बायका आत साखर वाटायला घेतात.

माझं लग्नही असंच ठरलं. आम्ही निमगाव केतकीहून मुलगी बघायला गेलो, तर मामा घोंगड्यावर बसून माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, पर रागीट हाय. राग आला की ती बोलत न्हाय, भांडी बोलत्यात." मला वाटलं, काय विनय आहे या माणसाचा! लग्नानंतर पंधरवड्यातच कळलं की तो विनय नव्हता, ती आगाऊ सूचना होती. मग "आता तुमची," असं म्हणून मामांनी वडिलांकडं पाहिलं. माझे वडील सरळ माणूस. त्यांनी बराच वेळ माझ्याकडं निरखून पाहिलं, माझ्या इतक्या खोडींतून कुठली निवडावी असा त्यांना प्रश्न पडला असावा, आणि शेवटी म्हणाले, "चहा पिताना भुरके मारतो. लांबवर ऐकू जातात." मामांनी तिथल्या तिथं घोंगडं गुंडाळलं आणि चहा मागितला. त्या दिवशी मी जो कप तोंडाला लावला, त्याचा आवाज ऐकायला सगळं माजघर कान देऊन बसलं होतं.

हे सगळं फक्त लग्नापुरतं असतं तरी चाललं असतं. पण हा माणूस बाजारात म्हैस विकायला नेतो आणि गिऱ्हाईक येण्याआधीच ओरडून सांगतो, "लाथ मारती, लांबून बघा!" डाळिंबाचा व्यापारी बागेत आला की त्याला आधी तेल्या रोग लागलेलं झाड दाखवतो. फोन उचलला तर "हॅलो" नाही. "मी बोलतोय, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आता बोला." असा माणूस आपल्या मुलीच्या शाळाप्रवेशाला सोबत न्यावा, असं कुठल्या शहाण्या बापाला वाटेल? मलाही वाटलं नव्हतं. मी त्यांना नेलं नाही. ते आले.

झालं होतं असं. नोकरीमुळं आम्ही आता बारामतीत राहतो. आमची ईश्वरी बोलताना अडखळते. लहानपणी कमी होतं, पुढं वाढलं. सातवीत तिच्या आधीच्या शाळेतल्या एका सरांनी तिला उभं करून धडा वाचायला लावला, ती एका शब्दावर अडकली, सरांनीच तिची नक्कल केली आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरगी शाळेत तोंड उघडेना. हळूहळू घरीही उघडेना. मान हलवायची, बोटानं दाखवायचं. वार्षिक परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी तिनं दप्तर आणून माझ्यापुढं ठेवलं आणि सांगितलं, आता शाळा नको. हे एवढंसं वाक्य बोलायला तिला किती कष्ट पडले ते मी बघत होतो. तेरा वर्षांची मुलगी शाळेला नको म्हणते, म्हणजे ती कशाकशाला नको म्हणणार आहे, हा हिशेब बापाला लगेच कळतो.

मग कुणीतरी इंदापूर रस्त्यावरची ती खाजगी माध्यमिक शाळा सुचवली. ट्रॅक्टरच्या शोरूमच्या मागं, भाड्याची इमारत, वर्ग छोटे, बाई चांगल्या. फक्त आठवीत घेताना मूल आणि पालक दोघांची मुलाखत असते. झालं, आमच्या घराची परीक्षामंडळाची कचेरी झाली. ओळखीपाळखीचे यच्चयावत तज्ज्ञ गोळा झाले. सगळ्यांचं एकच मत, अडखळण्याचं आधी सांगूच नका, एकदा नाव लागलं की कोण काढतंय! माझ्या डोक्यातून तर एक अशी योजना निघाली की मला स्वतःचा अभिमान वाटला. मुलीच्या गळ्याला मफलर गुंडाळायचा आणि सांगायचं की घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय. दिवस एप्रिलचे. बारामतीत डांबर वितळत होतं. त्यात मी माझ्या पोरीला मफलर गुंडाळून मान हलवायची तालीम देत होतो. ईश्वरी मुकाट्यानं सगळं करत होती आणि हिनं स्वयंपाकघरात भांडी बोलती केली होती. तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मग हिनं मामांना फोन केला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामा आपल्या जुन्या एम-एटी दुचाकीवरून आले ते घरी आलेच नाहीत. दुपारभर ते शाळेच्या फाटकासमोरच्या रसवंतीत बसून होते. संध्याकाळी घरी आले, घोंगडं कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाले, "स्थळ बघून आलो, जावयबापू. बरं वाटतंय."

"मामा, स्थळ नाही, शाळा आहे ती."

"त्येच. लेकरू द्यायचं तितं स्थळच की. शाळा सुटल्यावर पोरं पळत भाईर आली तर समजायचं, आत काय तरी दुखतंय. हितली पोरं चालत आली. दोन पोरी तर घंटा झाली तरी फाटकातच गप्पा मारीत उभ्या. शिपायानं हाकललं तवा गेल्या." मग रसवंतीवाल्याकडून, शिपायाकडून आणि सायकलची चेन बसवत थांबलेल्या एका पोराकडून त्यांनी काय काय काढलं होतं, ते सांगण्यात रात्रीचं जेवण झालं. ईश्वरी त्यांच्या शेजारी बसून ऐकत होती. मफलर त्यांनी बघितला, दोन बोटांत धरून उचलला आणि विचारलं, "ह्ये कुणाचं?" मी माझी योजना सांगितली. मामांनी तो होता तिथंच ठेवला. मला वाटलं, पटलं असावं. इतक्या वर्षांत मी या माणसाला ओळखलं नव्हतं, ते असं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आम्ही चौघं गेलो. खोली एवढीशी. बाई पन्नाशीच्या, चेहरा थकलेला, टेबलावर चहाचा थंड झालेला कप. आम्ही खुर्च्यांवर बसलो आणि मामांनी दारातच घोंगडं अंथरलं.

"आजोबा, खुर्ची आहे ना," बाई म्हणाल्या.

"आसू द्या. आजून जमलं न्हाय."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी हसलो. असल्या वेळी माणसाला हसण्याखेरीज काय येतं? मग त्यांनी ईश्वरीकडं वळून विचारलं, "नाव काय तुझं?" मी ताबडतोब पुढं सरसावलो. "बाई, त्याचं काय झालंय, तिचा घसा..."

"घसा ठणठणीत हाय," खालून आवाज आला. "पोरगी बोलताना अडाकती. आधीपास्नं. आधीच्या शाळंत मास्तरनं नक्कल केली म्हणून बोलायची बंद झाली. गणितात कच्ची हाय. हट्टी हाय, आयवर गेलीया. आन् ह्यो मफलर तिच्या बापानं गुतवलाय, त्यो तिच्या खोडीत धरू नका, त्यो बापाच्या खोडीत धरा."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या खोलीत कळलं. ही खिडकीबाहेर बघत होती. ईश्वरीनं मान खाली घातली. मी मनातल्या मनात मामांना जी जी विशेषणं बहाल केली, ती इथं लिहिण्याजोगी नाहीत. एवढ्यावर हा गृहस्थ थांबेल, तर तो आमचा मामेसासरा कसला? बाईंकडं बघून, अगदी मायेनं, ते म्हणाले, "आता तुमची."

"माझी काय?"

"शाळंची खोड. तुमी आमचं लेकरू घेणार, तर आमाला ठावं नको व्हय?"

"बाई, माफ करा, वय झालंय त्यांचं," मी म्हणालो. पण बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या मामांकडं बघत होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना असं आजवर कुणी विचारलंच नसावं. पालक विचारतात निकाल किती टक्के आणि बसची सोय आहे का. "विज्ञानाचे सर दिवाळीत सोडून गेले," त्या म्हणाल्या. "दुसरे मिळत नाहीत. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे. पावसाळ्यात दहावीच्या वर्गात गळतं. इमारतीचा मालक दर वर्षी जागा खाली करा म्हणतो." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "आणि मी चिडते. दुपारनंतर जास्त."

"दुपारी येळंवर जेवता का?"

"नाही होत हो."

"मग चिडणारच की. त्यात काय खोड हाय?" मामा म्हणाले. "हितं बाकी समदं चालंल. येकच अट हाय आमची. पोरगी बोलाय लागली की तिला घाई करायची न्हाय. मधी तोंड घालून तिचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करायचं न्हाय. वाक्य तिचं हाय, तीच पुरं करंल. येळ लागंल. लागू द्या."

बाईंनी मान हलवली. मग ईश्वरीला त्यांनी पुन्हा विचारलं, "नाव काय तुझं?" आणि हातावर हात ठेवून वाट बघत बसल्या. ईश्वरीचे ओठ हलले. पंखा करकरत होता. 'ई' तिच्या ओठांवर येऊन अडकली होती, मला ती दिसत होती, आणि आजवर हजारदा केलं तसं ते नाव मी स्वतःच सांगणार, एवढ्यात माझ्या गुडघ्यावर मामांचा हात पडला. घोंगड्यावरून हात लांब करून त्यांनी माझा गुडघा असा दाबला की माझं तोंड आपोआप मिटलं. आम्ही सगळे थांबलो. मग पोरीनं स्वतःचं नाव सांगितलं. पहिलं नाव, माझं नाव, आडनाव, सगळं. आणि ते संपवून, मफलर सोडत, तिनं उलट बाईंना विचारलं, "ग्र... ग्रंथालय आ... आहे का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "एक पेटी आहे पुस्तकांची."

"ही खोड लपिवली तुमी," मामा म्हणाले. पण म्हणता म्हणता ते घोंगड्याची घडी घालत होते. उठून खुर्चीवर बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "आता च्या चालंल."

आमची ही त्या परक्या खोलीत पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाईंना बिचाऱ्यांना काहीच कळेना. चहा मागितल्यावर कुणी रडतं का?

घरी परतल्यावर मी हिच्यापुढं मामांच्या नावानं शंख करायला लागलो. शाळा भली म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं, वगैरे. ही म्हणाली, "तुम्हाला धाकट्या मावशीचं ठाऊक नाही." धाकटी मावशी म्हणजे मामांची बहीण. मला ती फक्त शेळगावच्या घरात मागच्या खोलीत बसलेली, कुणाशी न बोलणारी म्हातारी म्हणून माहीत. तिचं स्थळ मामांनीच आणलं होतं, मामा तेव्हा ऐन पंचविशीत. मुलगा पितो हे त्यांच्या कानावर आलं होतं. लग्नानंतर सुधारेल, असं म्हणून ते गप्प बसले. वर्षाच्या आत बहीण माहेरी आली, ती कायमची. आणि आली ती बोलणं तिकडंच टाकून आली. तेव्हापासून मामांनी कुठल्याही बैठकीत पहिलं वाक्य दुसरं उच्चारलेलं नाही. मी मफलर घडी करून कपाटात ठेवला.

ईश्वरी शाळेत रुजली. दिवाळीच्या सुट्टीला शाळा बंद व्हायच्या दिवशी मामा फाटकात हजर! सासरी गेलेल्या पोरीला आणायला मुराळी जातो ना, तसे. पिशवीत करंज्या, खांद्यावर घोंगडं. पोरगी रोज संध्याकाळी घरीच येते, हे सांगून मी थकलो. ते सरळ बाईंच्या खोलीत गेले आणि विचारते झाले, "नांदती का नीट?" बाई म्हणाल्या, "नांदते. पण तक्रार आहे. तासाला शेजारणीशी बडबड करते." मामांना जो आनंद झाला तो काय सांगू! पुतण्याच्या लग्नातही मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. एसटी स्टँडवर, बाजारात, इंदापूरपर्यंत जो भेटेल त्याला थांबवून ते सांगत होते, "आमच्या पोरीची तक्रार आली. बडबड करती म्हणं!"

आता ईश्वरी दहावीत आहे. वर्ग गळतोच, विज्ञानाच्या नव्या बाई मात्र आल्या. आणि मामांना गेल्या थंडीत झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा अडकली. सगळ्या तालुक्याला खोडी सांगणारा माणूस एका शब्दासाठी खाटेवर धडपडतो. बघवत नाही हो. घरचे मायेपोटीच त्यांची वाक्यं पुरी करतात. त्यांना खिडकी उघडायला सांगायचं असतं, सून पाणी आणते. मग ते पाणी पितात आणि गप्प बसतात. हल्ली जास्त गप्पच असतात.

मागच्या रविवारी आम्ही शेळगावला गेलो. ईश्वरी त्यांच्या पायाशी घोंगड्यावर बसली होती, मी खुर्चीत चहा घेत होतो. मामा माझ्याकडं बघून काहीतरी सांगू लागले. "जा... जा..."

"जावयबापू ना?" मी म्हणालो. "पाणी हवंय? औषध?"

"बाबा, थ... थांबा," ईश्वरी म्हणाली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. "व... वाक्य त्यांचं आहे."

सूनबाई दारात थांबल्या. ही ताट पुसता पुसता थांबली. मामांनी डोळे मिटले, शब्द शोधला, सोडला, पुन्हा शोधला. त्यांच्या कपाळावर घाम आला, तरी कुणी बोललं नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि एकेक शब्द ठेवत म्हणाले, "जावयबापू... च्या पिताना... आजून... भुरकं मारता."

सगळे हसले, मामा सगळ्यांत शेवटी आणि अर्ध्याच तोंडानं हसले. ईश्वरी त्यांचे पाय चेपत राहिली. मला मात्र हसता आलं नाही. मी कप तोंडाला लावला आणि त्यांना ऐकू जावा म्हणून मोठ्यानं भुरका मारला, उजव्या कानाच्या बाजूला सरकून.